सतरा नंबरच्या पिनचं ५२९ कुणी केलं?

पहाटे साडेपाचला वॉचमनचा फोन. "दादा, गच्चीवरच्या टाकीत थेंब नाही." ३२ घरं, पोरांच्या शाळा, पाळीवर जाणारी माणसं, आणि नळाला नुसती हवा. का? तर आदल्या रात्री मोटारीच्या खोलीतल्या लिनक्स बोर्डवर, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, मी अपडेट चालवलं होतं!

त्या बोर्डवर माझी शेल स्क्रिप्ट, म्हणजे चार कमांडची फाइल, २०१५ पासून चालत होती. सतरा नंबरची जीपीआयओ पिन (प्रोग्रामने चालू-बंद करता येते ती बोर्डवरची पिन) एक्सपोर्ट करायची, म्हणजे वापरायला मागून घ्यायची, दिशा 'आउट' लिहायची, फाइलमध्ये १ टाकायचा. रिले, म्हणजे मोटारीचा विजेवर चालणारा स्विच, खट्ट वाजला की मोटार सुरू. सगळं साध्या 'इको' कमांडवर, लायब्ररी नाही, काही नाही. त्या दिवशी टॉर्च दातात धरून कीबोर्ड जोडला, तर स्क्रीनवर दोन शब्द: 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. दीड तास मी वायरी उपसल्या, रिले बदलला, बिचाऱ्या इलेक्ट्रिशियनला झोपेतून उठवलं. बिघाड तिथे नव्हताच. नव्या कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, पिनांचे नंबर ५१२ पासून द्यायला सुरुवात केली होती. सतराची झाली ५२९. त्या एररमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

आता कर्नेलवाल्यांचं म्हणे, नंबर कायम राहतील असं वचन कुणी दिलंच नव्हतं. अहो, वर्षानुवर्षं जे सतरा होतं ते लोक सतराच धरणार! युजरस्पेस, म्हणजे कर्नेलच्या वर चालणारे लोकांचे प्रोग्राम, मोडायचं नाही, हा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सचा नियम कर्नेलवाले जगाला ऐकवतात. मग माझी स्क्रिप्ट काय आकाशातून पडली?

फाइलींत लिहून पिन हलवायच्या या जुन्या 'सिसएफएस' पद्धतीत खोट होती, मान्य. प्रोग्राम मेला तरी पिन अडकून राहायची, दोन प्रोग्राम एकाच पिनवर भांडायचे. म्हणून २०१६ मध्ये, ४.८ कर्नेलला, पिन हाताळायची नवी सोय, कॅरेक्टर डिव्हाइस, आली आणि जुन्या पद्धतीच्या माहितीपत्रात लिहिलं गेलं की हे २०२० नंतर काढणार. ठीक आहे. पण बदली दिलीत ती तरी त्या कामाला पुरी पडायला नको? नव्यात प्रोग्राम संपला की लाइन, म्हणजे पिनवरचा ताबा, सुटते, आणि सुटल्यावर पिन कुठल्या स्थितीत राहील याची हमी नाही. म्हणजे मोटार चालू ठेवायला एक प्रोसेस अख्खा वेळ जिवंत ठेवा. तीन ओळींच्या जागी डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम), तो सुरू करणारी सर्व्हिस फाइल, रिस्टार्टची सोय. भीक नको पण कुत्रा आवर!

तरी मुकाट्याने बदललं. नव्या पद्धतीची 'जीपीआयओसेट' कमांड वापरली, डेबियन १२ वर (डेबियन म्हणजे लिनक्सची एक आवृत्ती) छान चाललं. मग डेबियन १३ आलं, त्यात लिबजीपीआयओडी, म्हणजे ती कमांड ज्यातून येते ती लायब्ररी, आवृत्ती दोनवर गेलेली, आणि पिना ज्या चिपवर आहेत तिचं नाव आता 'मायनस सी' लावून द्यायचं. जुनी ओळ पुन्हा बंद! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जुनं टाकायला लावलंत, निदान नवं तरी जागेवर ठेवा ना!

कर्नेल लिहिणाऱ्याला ही एका दुपारची साफसफाई वाटत असेल. खाली लोंबकळणाऱ्या स्क्रिप्टा तो कधी बघायला येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी त्या सकाळी जिन्याच्या कठड्याला धरून खालच्या टाकीतून बादली भरून नेत होत्या. मी ती हातातून घेतली, तर म्हणाल्या, "अरे, काल तर येत होतं की पाणी."