अर्ध्या इंचाला तेराचा पाना

पुन्हा तेच! आणखी एका बोल्टचं डोकं गोल झालेलं. जुनी गाडी, सगळं इंची मापाचं. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, आणि आधीच्या कुणीतरी तिथे बिनधास्त 13 चा पाना घातलाय. बसतो ना, मग झालं! नुसती 0.3 मिलिमीटरची ढील, पण जोर लावला की सगळे कोपरे खलास.

निस्तरायचं मी. रात्रभर गंज सोडवणारं तेल, सकाळी ज्योतीने नट तापवायचा, थंड झाला की पुन्हा तेल. एवढं करूनही काल एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) स्टड, म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, कटकन तुटला, तोही इंजिनाच्या हेडच्या आत. आता बरोबर मधोमध ड्रिल करायचं. केसभर सरकलं की आटे गेले.

अरे, योग्य पाना शोधायला वेळ तो किती लागतो?