आडव्या बुद्धमूर्तीबद्दलच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय वाचला. आमच्याकडची आडवी बुद्धमूर्ती घरभरणीला भेट दिलीत म्हणून मित्राच्या नव्या घरी चारचौघांत तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटतं आणि झालेल्या मनस्तापाबद्दल माफी मागते.

पण तुम्ही लिहिलंय, "मेलेल्या बुद्धाची मूर्ती बाईंनी काही न सांगता गळ्यात मारली, पितळ म्हणून रेझिन दिलं, आणि आता परत घेत नाहीत." यातलं "काही न सांगता" तेवढं माझ्या घशाखाली उतरत नाही. बाकीचं मी ऐकून घेतलं असतं. धंदा म्हटला की ऐकावं लागतंच.

तुम्ही आलात तेव्हा मी शटर अर्धं खाली ओढलं होतं. तरी वर केलं, दिवे पुन्हा लावले. तुम्ही सांगितलंत, टीव्हीखालच्या कप्प्यात मावेल असं काहीतरी द्या. आधी मी बसलेल्या मूर्ती काढल्या. उजवा तळहात समोर धरलेली अभयमुद्रा दाखवली. नव्या घरासाठी मी नेहमी तीच सुचवते, कारण "भिऊ नका" एवढाच तिचा अर्थ आहे आणि तो कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. मग ध्यानमुद्रा दाखवली. मग भूमिस्पर्श. ती बघून तुम्ही म्हणालात, याचा एक हात असा खाली लोंबतोय, तुटलाय का? तुटलेला नव्हता. मोहात पाडणाऱ्या माराने ज्ञानप्राप्तीच्या आड यायचा प्रयत्न केला तेव्हा बुद्धांनी उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकवून धरणीलाच साक्षीला बोलावलं, तो हा प्रसंग. बोधगयेच्या मुख्य मंदिरातली मूर्ती याच मुद्रेत आहे. हे सांगत होते तेव्हा तुमच्या कानाला फोन होता आणि तुम्ही पलीकडच्या माणसाला गाडी कुठे लावायची ते सांगत होता. ऐकत होत्या त्या तुमच्याबरोबर आलेल्या वहिनी. त्यांनी दोन प्रश्नही विचारले.

बसलेल्या सगळ्याच तुम्हाला उंच वाटल्या. म्हणून शेवटी दोन आडव्या मूर्ती काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि दादा, माझं खरं म्हणणं इथेच आहे. त्या दोन मूर्ती एक नव्हेत.

पहिलीत कोपर जमिनीला टेकवलेलं, डोकं तळहातावर पेललेलं आणि डोळे उघडे होते. थायलंडमध्ये अशी मूर्ती मंगळवारी जन्मलेल्यांची मानतात. तिथे प्रत्येक वाराची मुद्रा ठरलेली आहे. तिची गोष्टही मी सांगितली होती. असुरिंदराहू नावाच्या असुराला आपल्या आकाराचा फार गर्व होता, तेव्हा बुद्ध नुसते आडवे झाले आणि तरी त्याच्याहून मोठे दिसले. त्या मूर्तीत मरणाचा संबंधच नाही.

दुसरीत डोकं उशीवर टेकलेलं, उजवा हात गालाखाली, डोळे मिटलेले आणि पावलं एकावर एक जुळलेली. ते महापरिनिर्वाण, आणि मी ते त्याच शब्दात सांगितलं. वहिनींनी त्या उशीवरच्या नक्षीवरून बोट फिरवलं आणि "म्हणजे शेवटचं का?" असं विचारलं. मी "हो" म्हटलं. त्यांना विचारा.

मग तुम्ही फोन बाजूला करून दोन्ही मूर्तींच्या उंचीला टेप लावला. कोपर टेकवलेली साहजिकच वर येते, डोकं उचललेलं असतं ना. ती कप्प्यात बसत नव्हती. दुसरीकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "हीच द्या, ही बसते." म्हणजे मूर्ती टेपने निवडली गेली. त्याला माझी हरकत नाही, घर तुमच्या मित्राचं, पैसे तुमचे. पण मग "गळ्यात मारली" हा शब्द कशाला?

दुसरं म्हणजे, तुमच्या मित्राकडच्या वडीलधाऱ्यांचा मान राखून सांगते, महापरिनिर्वाण म्हणजे अशुभ हे मला मान्य नाही. श्रीलंका, थायलंडकडच्या थेरवाद या बौद्ध परंपरेत बुद्धांचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण या तिन्ही गोष्टी वैशाख पौर्णिमेलाच झाल्या असं मानतात. आपण आनंदाने शुभेच्छा पाठवतो त्या दिवसात हाही प्रसंग आहेच. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात आत शिरल्यावर डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीची ही मूर्ती कोरलेली आहे. तिच्या खालच्या बाजूला शोक करणारे शिष्य आहेत आणि वरच्या बाजूला देवगण आनंदात आहेत. एकाच भिंतीवर दोन्ही. कुशीनगरला मंदिरात सहा मीटरहून लांब मूर्ती आहे, ती 1876 मध्ये उत्खननात सापडली आणि आज जगभरातून लोक तिच्यापुढे बसायला येतात. अमंगळ वस्तूपुढे कुणी असं बसत नाही. तरीही घरभरणीच्या भेटीसाठी मी स्वतः ती निवडली नसती, आणि म्हणूनच तुम्हाला ती सगळ्यात शेवटी दाखवली.

पितळेचं थोडक्यात. बिलावर "रेझिन, सोनेरी रंग" असं लिहिलेलं आहे. तेवढ्या लांबीची भरीव पितळी मूर्ती तुम्ही एका हातात धरून, दुसऱ्या हाताने फोनवर बोलत गाडीपर्यंत नेऊच शकला नसता. नेपाळमधल्या पाटणच्या कारागिरांची मेणाच्या नमुन्यावर मातीचा साचा करून ओतलेली धातूची मूर्ती हवी असेल तर तीही मिळते, पण त्यात प्रत्येक मूर्तीमागे साचा फोडावा लागतो, त्यामुळे किंमत वेगळी. ती तुम्ही ऐकलीत आणि हसलात.

तुम्ही पुढे असंही लिहिलंय की यापेक्षा लाफिंग बुद्धा दिला असता तर घरात भरभराट तरी आली असती. दादा, तो बुद्ध नाहीच. तो बुदाई, पाठीवर झोळी टाकून फिरणारा दहाव्या शतकातला चिनी भिक्षू. चीनमध्ये त्याला पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचा अवतार मानतात, पण गौतम बुद्धांशी त्याची गल्लत करू नये. आणि तो स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी भेटच द्यावा लागतो, हा नियम धर्माचा नाही. विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे. मीही विकणारीच, तरी कुणी विचारलं तर हेच सांगते आणि दोन गिऱ्हाइकं घालवते.

पैशासाठी काहीही विकतात, असा तुमचा सूर आहे म्हणून आणखी एक सांगते. बुद्धाचं नुसतं डोकं असलेली शोपीस मी ठेवत नाही. त्यांना फार मागणी आहे, कोपऱ्यात छान दिसतात म्हणे. पण आशियातल्या कितीतरी जुन्या मंदिरांमधल्या मूर्तींची डोकी छाटून विकली गेली, धडं तिथेच राहिली. त्याची नक्कल दिवाणखान्यासाठी विकायला माझं मन घेत नाही. माझ्याकडच्या कितीतरी गिऱ्हाइकांसाठी ही सजावटीची वस्तू नाहीच, ते रोज सकाळी तिच्यापुढे वंदना घेतात. त्यांच्यासमोर मी काय तोंड दाखवणार?

आता परत घेण्याचं. तुम्ही मूर्ती आणलीत तेव्हा तिच्यावर वर्तमानपत्र गुंडाळून चिकटपट्टी थेट चेहऱ्यावर मारलेली होती. ती मी हळूहळू काढली, तरी डाव्या गालावरचा आणि भुवईवरचा सोनेरी रंग पट्टीबरोबर निघून आला. खाली राखाडी रेझिन दिसतंय. मी बदलून देते म्हणाले होते, रंग पुन्हा द्यायचा तेवढा खर्च वजा करून. तुम्हाला पूर्ण रोख रक्कम हवी होती. तुम्ही मूर्ती काउंटरवर ठेवलीत आणि निघून गेलात. याला "परत घेत नाहीत" म्हणायचं का, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

इतकं लांबलचक लिहायचं कारण एवढंच की नवीन माणूस दुकानात पाऊल टाकण्याआधी अभिप्रायातले तारे बघतो. एका कार्यालयाकडून निरोपसमारंभासाठी ध्यानमुद्रेतल्या मूर्तींची मोठी मागणी जवळपास पक्की झाली होती. तुमचा एक तारा लागल्यापासून ते माझा फोन उचलत नाहीत. कदाचित योगायोग असेल. दुकानावर माझ्याबरोबर आणखी दोघींची घरं चालतात.

मुद्रांची माहिती यापुढे कागदावर छापून डब्यात घालायचं चाललंय, पाट्याही मोठ्या अक्षरात करू, बघते कसं जमतं ते.

तुमची मूर्ती इथेच आहे. तिच्या बदल्यात अभयमुद्रेतली घेऊन जा, रंगाचा खर्चही मी धरणार नाही. कप्प्याचं माप मात्र आधी घेऊन या, आणि खरं सांगायचं तर तिला टीव्हीखाली ठेवण्यापेक्षा बसल्यावर नजरेच्या वर येईल अशा जागी ठेवायला मित्राला सांगा. वहिनींनाही बरोबर आणा. आणि जमलं तर अभिप्रायातलं "काही न सांगता" एवढं तरी काढा, तारा हवा तर तसाच राहू द्या. यायच्या आधी फोन करा, माल आणायला गेले असले तर दुकान बंद असतं.