‘सेन्सर बसवूनही बाबांना ॲडमिट करावं लागलं’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार.

तुम्ही लिहिलंय, की फुफ्फुसाच्या धमनीत दाब मोजणारा सेन्सर बसवला, बाबांनी रोज सकाळी त्याच्यासोबतच्या अँटेना असलेल्या उशीवर पडून रीडिंग पाठवलं, तरी दम लागून त्यांना ॲडमिट करावं लागलं. शुक्रवारपासून दाब चढत होता आणि आमचा फोन आला सोमवारी. ‘यंत्र बिनकामाचं आणि तुम्हीही’, हे तुमचे शब्द.

बाबांच्या तब्येतीचे बाकी तपशील इथे चारचौघांत लिहिणार नाही. पण फोनबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. क्लिनिक माझं आहे, चूकही माझीच, मी माफी मागतो. शनिवार-रविवारची रीडिंग आमच्याकडे सोमवारी उघडली जायची. सेन्सर बसवताना आम्ही ‘रोज लक्ष असतं’ असं सांगत होतो. घरच्या माणसांना त्यातून चोवीस तास कुणीतरी बघतंय असंच वाटणार.

यंत्राबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. हा सेन्सर स्वतः उपचार करत नाही. त्यात बॅटरीसुद्धा नसते. उशीतल्या अँटेनाकडून त्याला ऊर्जा मिळते आणि तो धमनीतला दाब कळवतो. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते तेव्हा, पायांवर सूज येण्याच्या, वजन वाढण्याच्या बरेच दिवस आधी हा दाब चढू लागतो. तेवढ्या अवधीत लघवीच्या गोळीचा डोस बदलला, तर ॲडमिट होणं टळू शकतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चॅम्पियन अभ्यासात 550 रुग्ण होते आणि सेन्सर सगळ्यांनाच बसवला होता. एका गटाचे आकडे डॉक्टरांना दिसत होते, दुसऱ्याचे नाहीत. सहा महिन्यांत पहिल्या गटात हार्ट फेल्युअरमुळे ॲडमिट होण्याचं प्रमाण 28 टक्क्यांनी कमी राहिलं. सेन्सर दोन्हीकडे तोच! म्हणून तुमची तक्रार मला जास्त लागली. बाबांनी आपलं काम एकही दिवस चुकवलं नाही; आकडा वाचायला आम्ही जागेवर नव्हतो.

आता ठरवलेल्या मर्यादेबाहेरचं रीडिंग सुट्टी असली तरी त्याच दिवशी पाहिलं जातं आणि लगेच फोन होतो. तरीही दम वाढला किंवा झोपताना जास्त उशा लागू लागल्या, तर आमची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

बाबांना घरी सोडलं की त्या चार दिवसांचा आलेख तुमच्यासमोर उघडून बसायची माझी तयारी आहे. येताना डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची नवी यादी आणा. डोस बदलले असतील तर दाबाची मर्यादाही नव्याने ठरवावी लागेल.