शॉकला तुमचं वजन कळत नाही

माउंटन बाइकच्या मागच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या हवेच्या नळकांड्यात, किती हवा भरायची याबद्दल एक सल्ला चालवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात असा: "आपलं वजन पाउंडात काढा, तेवढेच पीएसआय मागच्या शॉकमध्ये भरा. सॅग मोजत बसू नका, तो आपोआप तीस टक्के येतो. पंप काढताना थोडी हवा जातेच, म्हणून दहा पीएसआय जास्त ठेवा. शॉक तळाला आपटला तर हवा वाढवा." (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक. सॅग म्हणजे तुम्ही नुसते बसल्यावर शॉक किती दबतो ते.) या सल्ल्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्या तिन्हींनी मात्र चांगल्या चांगल्या सायकली चालवायला नकोशा करून ठेवल्यात.

अर्धं खरं अशासाठी की काही शॉकच्या पुस्तिकांमध्येही सुरुवातीचा आकडा असाच धरायला सांगतात. पण त्याच पुस्तिकेत पुढच्या पायरीला सॅग मोजायला सांगितलेलं असतं. सल्ला फिरता फिरता ती पायरी कुठेतरी गळून पडली.

वजन आणि दाब यांचं नातं इतकं सरळ का नाही, ते बघू. तुमचं वजन शॉकवर थेट पडतच नाही, मध्ये लिंकेज असते, म्हणजे चाक आणि शॉक यांना जोडणारे दांडे. चाक १५० मिमी हलतं आणि त्यासाठी शॉक ५५ मिमी दबतो, म्हणजे सरासरी लिव्हरेज रेशो (चाकाची हालचाल भागिले शॉकची) साधारण २.७. दुसऱ्या सायकलीत चाकाचा प्रवास तेवढाच, पण शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर, ६५ मिमी, तर रेशो येतो २.३. ८० किलोचा माणूस सीटवर बसला आणि मागच्या चाकावर ५२ किलो आले असं धरा. पहिल्या शॉकला सुमारे १४० किलोचा भार झेलायचाय, दुसऱ्याला १२०. माणूस तोच, चाकाचा प्रवास तोच, तरी भारात सतरा-अठरा टक्क्यांचा फरक. त्यात प्रत्येक शॉकच्या पिस्टनचं क्षेत्रफळ वेगळं, आणि भार म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. त्यामुळे १७६ पाउंडाच्या माणसाला एका सायकलीवर १६० पीएसआय पुरतील आणि दुसरीवर २०० लागतील, यात नवल काहीच नाही.

आता "सॅग आपोआप येतो". सॅग लागतो कशाला? खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा हवी. तेवढी जागा ठेवली नाही, तर चाक खड्ड्यावरून तरंगत जातं आणि पकड सुटते. पण सॅग वाढला की मागची बाजू बसते, हेड अँगल (पुढच्या फोर्कचा कल) आडवा होतो, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो तो भाग) खाली येतो आणि चढावर पेडल दगडांना घासायला लागतात. म्हणून तीस टक्के हा सगळ्यांसाठीचा आकडा नाही. क्रॉस-कंट्रीला २० ते २५, ट्रेलला २५ ते ३०, डाउनहिलला ३० ते ३५ टक्के, असा साधारण पट्टा आहे. तुमच्या फ्रेमसाठी उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

मोजण्यातच जास्त चुका होतात. टक्केवारी काढायची ती स्ट्रोकची, शॉकच्या लांबीची नव्हे. २१० × ५५ (लांबी × स्ट्रोक) लिहिलेल्या शॉकचा ३० टक्के सॅग १६.५ मिमी. २१० चे तीस टक्के, म्हणजे ६३ मिमी, काढायला गेलात तर ते शॉकच्या पूर्ण स्ट्रोकपेक्षाही जास्त भरतात. हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी असं सगळं अंगावर घेऊन बसा, त्यातच तीन-चार किलो सहज असतात. शॉकच्या दांड्यावरची रबरी ओ-रिंग सीलपर्यंत सरकवा, भिंतीला हात टेकून हळूच बसा, न हिसकता उतरा आणि ओ-रिंग किती सरकली ते मोजा. बसून मोजायचं की पेडलवर उभं राहून, यावर एकमत नाही. जे कराल ते दर वेळी तसंच करा. आणि चढाचा लीव्हर (चढावर शॉक कडक करणारी कळ) उघडा ठेवा. मी एकदा तो बंद ठेवून मोजलं, सॅग कमी दिसला म्हणून हवा सोडली, आणि पुढचा पूर्ण उतार गादीवर बसल्यासारखा काढला.

हवा एकदम भरायचीही सोय नाही. शॉकमध्ये हवेचे दोन कप्पे असतात, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. पंपाची हवा आधी पहिल्यात जाते, आणि शॉक थोडा दाबला की त्यातून दुसऱ्यात जाते. सरळ १८० भरून निघालात तर पहिल्या काही दणक्यांतच दाब उतरतो. म्हणून पन्नासेक पीएसआय भरले की शॉक हळूहळू दहा-एक वेळा दाबायचा, मग पुढचे भरायचे.

पंपाचा फुस्स आवाज ही तर सगळ्यात चिवट समजूत. चांगला पंप काढताना शॉकचा व्हॉल्व्ह आधी बंद होतो. ऐकू येतो तो नळीत उरलेल्या हवेचा आवाज. लोक फसतात ते पुढे: खात्री करायला पंप परत लावतात आणि काटा कमी दाखवतो. दाखवणारच, कारण रिकामी नळी भरायला शॉकमधलीच हवा गेली, आणि शॉकमध्ये मुळात हवा असते ती जेमतेम. दहा जास्त ठेवणाऱ्याकडे ते दहा जास्तच राहतात.

राहिला शॉकचा तळ. मोठ्या उडीवर कधीतरी शॉक पूर्ण दबणं हा दोष नव्हे, प्रवासाचे पैसे मोजलेत ते त्यासाठीच. पण सॅग बरोबर असूनही शॉक वारंवार आपटत असेल, तर उपाय व्हॉल्यूम स्पेसरचा, म्हणजे हवेच्या कप्प्यात बसवायच्या तुकड्याचा. हवेची जागा कमी झाली की स्ट्रोकच्या शेवटी दाब झपाट्याने चढतो, सॅगवर मात्र फारसा परिणाम होत नाही. नुसती हवा वाढवली तर शेवटचे पाच मिमी वाचवायला सुरुवातीचा सगळा मऊपणा गमावला. वर, दाब वाढला की शॉक परत उसळतोही जोरात, म्हणजे रिबाउंड (शॉक परत उसळण्याचा वेग) एखाद-दोन क्लिक हळू करावं लागतं. ते विसरलं की सायकल मागून लाथ मारते आणि दोष शॉकला लागतो.

एक गोष्ट या सल्ल्यात मुळातच नाही, ती म्हणजे तापमान. १० अंशांवर भरलेले २०० पीएसआय ३० अंशांवर साधारण २१५ होतात, आणि लांब उतारावर शॉक स्वतःही तापतो. थंडीत बसवलेला सॅग उन्हाळ्यात परत मोजावा लागतो. वजन काट्यावर तेवढंच भरत असलं तरी.