मत मागायला याल, तेव्हा घराचं बोला

गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं. लग्नाला सतरा वर्षं झाली, हे सहावं घर. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा सासूबाईंनी तांब्याचा हंडा कुणाच्याच हातात दिला नाही. मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि बेळगावातल्या वडगाव ते अनगोळ एवढ्या वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत.

जुन्या घरमालकांना मी दोष देणार नाही. त्यांची दोन्ही मुलं लग्नाची झाली, कौलारू घर पाडून वर मजले चढवल्याशिवाय त्यांनाही गत्यंतर नव्हतं. "ताई, तुमचं भाडं कधी एक दिवस चुकलं नाही, पण आम्हाला पण बघाय पाहिजे की," असं म्हणताना त्यांचाच आवाज खाली गेला होता. तिथे चार हजार देत होतो. आता साडेसात हजार, आणि वर एक लाख डिपॉझिट. नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. लाखातले साठ हजार भिशी उचलून भरले, बाकीचे माहेरून आणले. त्याआधी अकरा घरं बघितली. कुठे माणसं जास्त झाली, कुठे शिलाई मशीनचा आवाज नको, कुठे आधी आडनाव विचारलं आणि मग घर कालच गेल्याचं सांगितलं.

हे सगळं आज लिहायचं कारण, आता पुन्हा माणसं दारात यायला लागतील. आपल्याकडे ग्रामपंचायतीचं मतदान डिसेंबर २०२० मध्ये झालं होतं, त्याला पाच वर्षं कधीच होऊन गेली. तालुका आणि जिल्हा पंचायतींची मुदत तर २०२१ मध्येच संपलीय. महापालिकेचंही आज ना उद्या येईल. या वेळी मी पक्कं ठरवलंय. कमी पगाराच्या माणसाला परवडतील अशी घरं बांधायची बाजू जो उमेदवार उघडपणे घेईल, त्याला मी मत देईन आणि त्याच्यासाठी दारोदार फिरेनही. चिन्ह कुठलंही असो.

असं लिहिणं मला सोपं नाही. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून माझे बाबा दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून सायकल फेरीत जायचे. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वंदन केल्याशिवाय घरात चहा व्हायचा नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. दाव्याचा निकाल बघायला ते राहिले नाहीत. सीमाप्रश्नावर मी आजही बाबांच्याच बाजूची आहे, आणि कुणी मला त्यावरून शिकवायला येऊ नये.

पण माहेरच्या गल्लीत परवा उभी राहिले आणि एकेक दार मोजलं. लहानपणी ज्या घरांतली पोरं मिळून आम्ही मराठी शाळेत जायचो, त्यातल्या नऊ घरांत आज फक्त म्हातारी माणसं आहेत. पोरं चाकणला, शिरोलीला, गोव्यात वेर्णाला. गणपतीला येतात, दीड दिवस राहतात, जातात. लोक म्हणतात, बेळगावात काम नाही म्हणून गेली. मला ते पूर्ण पटत नाही. उद्यमबागेत, मच्छेत लेथवर, फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये माणसं लागतातच की. काम आहे, पण त्या पगारात बायको-पोरांना घेऊन राहायला घर मिळत नाही. खोली मिळते, घर नाही. मग पोरगं म्हणतं, भाडंच भरायचंय तर जिथे दोन पैसे जास्त मिळतात तिथे भरतो. आणि आम्ही इकडे शाळेची पटसंख्या का घसरली म्हणून सभा घेतो.

महापालिकेची २०२१ ची निवडणूक आठवा. ५८ वॉर्ड, आणि पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर लढाई. आमच्या दारात सगळे येऊन गेले. झेंडा, भाषा, धर्म, कोण कुणाचा माणूस, सगळं बोलून झालं. भाड्याबद्दल, जागेबद्दल कुणी एक वाक्य बोललं नाही. खरं तर आम्हीही विचारलं नाही.

माझ्या भावाचं सांगते. त्याने शहराच्या टोकाला, पण महापालिकेच्या हद्दीतच, २० बाय ३० ची जागा घेतली. सहाशे चौरस फूट. शेताचे तुकडे पाडून विकलेली, एनए म्हणजे बिनशेती नाही, लेआउट मंजूर नाही, खरेदीची नोंदणी न करता नुसती शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून घेतलेली. बेळगावच्या माणसाला 'बाँडवर घेतली' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, डबा ट्रंकेत. वहिनी वर्षातून एकदा तो बाहेर काढून उन्हात धरते, वाळवी लागू नये म्हणून. घड्यांवर शाई उडालीय, साक्षीदाराची एक सही आता वाचता येत नाही. उताऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव आहे आणि तो शेतकरीही आता हयात नाही. खाता, म्हणजे महापालिकेच्या दप्तरातली मालमत्तेची नोंद, नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. मग सोसायटीचं महागडं कर्ज काढून पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या.

प्रधानमंत्री आवास योजना २०१५ मध्ये आली, २०२४ मध्ये शहरांसाठी तिचा दुसरा टप्पा मंजूर झाला. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख मिळतात. पण जागा स्वतःची आहे हे कागदाने दाखवावं लागतं. २०२५ मध्ये राज्य सरकारने मंजुरी नसलेल्या अशा मालमत्तांची वेगळी नोंद करून बी खाता द्यायची मोहीम काढली, तिथेही नोंदवलेलं खरेदीखत मागतात, बाँड चालत नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज तो पहिल्याच खिडकीवर बाद. माझा भाऊ तीनदा जाऊन आला, दर वेळी एका दिवसाचा पगार बुडवून. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा अंगणात हात-पाय न धुताच बराच वेळ बसून होता.

म्हणून म्हणते, फक्त 'घरं देणार' असं म्हणणारा उमेदवार मला नको. बाँडवाल्यांचं काय करणार, हे त्याला सांगता आलं पाहिजे. हे लोक बेकायदा म्हणून सोडून द्यायचे, तर अशा वसाहतींतलं पाणी, गटार, दिवे याचा हिशेब कुणी करायचा? मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता म्हणूनच माणूस बाँडकडे गेला. स्वस्त आणि कायदेशीर जागा तयार झाली तरच हे थांबेल.

आता घर कसलं हवं ते. हे विणकरांच्या वडगाव-खासबागमधल्या माणसाला विचारल्याशिवाय कळणार नाही. बाबा खड्डा मागावर साड्या विणायचे. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायाखालच्या पट्ट्या दाबत धोटा फेकायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पाऊस थांबेचना आणि बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवार सोडून वस्तीकडे सरकलं, तेव्हा सगळ्यात आधी तो खड्डाच भरला. ताण्याचं सूत अर्धं पाण्यात, अर्धं वर ताणलेलं, आणि बाबा कमरेवर हात ठेवून बघत उभे. आम्ही पोरींनी तांब्याने पाणी उपसायला घेतलं. उपसलं तेवढंच पुन्हा खालून झिरपून आलं. ते म्हणाले, "सोडा गे, जमीनच पाणी वकतीय." त्या वर्षी पूर्ण पडलेल्या घरांना सरकारने पाच लाख जाहीर केले, चांगलंच केलं. पण ते घर ज्याच्या नावावर त्याला. तिथे भाड्याने राहून माग चालवणाऱ्याला ते पाच लाख नाहीत, घराच्या नावाने सुरुवातीची दहा हजारांची मदत तेवढी.

अशा विणकराला गावाबाहेर तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट दिला तर तो काय करेल? खड्डा माग वर नेता येत नाही. यंत्रमाग नेला तर खालच्याची भिंत हादरते. त्याला तळमजला लागतो, नाल्यापासून उंचावर लागतो आणि सूत आणणाऱ्या-साडी नेणाऱ्या माणसांच्या जवळ लागतो. शिवणकाम, पापड, लेथचं छोटं मशीन, आपल्याकडे निम्मी घरं म्हणजे कारखानेच आहेत. खाली कामाची जागा आणि वर राहायची घरं, असं तीन मजली बांधकाम मापात बसवणं अवघड नाही. पण नकाशा काढणाऱ्याला हे सांगायला आपल्यातलाच कुणीतरी सभागृहात हवा. बेंगळुरूला बसून हे दिसणार नाही, त्यांचा काही गुन्हाही नाही.

इथे माझ्याच नात्यातली माणसं माझ्यावर चिडणार, म्हणून तेही लिहिते. घरं म्हटलं की जमीन आली आणि जमीन म्हटलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. उगीच येत नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक शिवार गेलं, उभ्या पिकात यंत्रं घातली गेली. कणबर्गीत बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, योजना क्रमांक ६१ किती वर्षं कोर्टकचेरीत अडकली होती. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातला बासमती ज्याने खाल्लाय, त्याला त्या जमिनीवर सिमेंट ओतायची कल्पनाही सहन होणार नाही. माझ्या आत्याचं शेत तिथेच आहे. आम्हाला भाताचं शेत बुजवून घर नको.

मग घरं कुठे? शहरातच. नव्या वसाहतींतून सकाळी फिरायला जा. एक बंगला, शेजारी दोन प्लॉट रिकामे, गाजरगवत छातीपर्यंत. घेतले, ठेवले, भाव वाढायची वाट बघतायत. वर्षानुवर्षं न बांधलेल्या प्लॉटवर कर वाढवा. बुडाच्या जागा लिलावात चढ्या भावाने जातात, त्यातला ठरावीक वाटा लिलावातून बाहेर काढून छोट्या घरांना द्या. सरकारी खात्यांच्या पडून असलेल्या जागा मोजा. आणि जिथे शेतजमीन घेतल्याशिवाय चालणारच नाही तिथे शेतकऱ्याला तयार प्लॉटांत निम्मा वाटा द्या. नगरविकास प्राधिकरणांनी आपल्या राज्यात हा मार्ग वापरलेला आहे. शेतकरी आणि भाडेकरू यांना एकमेकांसमोर उभं करणारा उमेदवार आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. एकाच घरात थोरला शेतकरी असतो आणि धाकटा भाडेकरू.

"घरं बांधली की बाहेरचे येऊन बसतील," हेही ऐकते. बाहेरचे आलेलेच आहेत. उद्यमबागेत एका खोलीत सहा-सहा जण राहतात, त्यांच्यात कानडी आहेत, हिंदी बोलणारे आहेत, खानापूरची आपली पोरंही आहेत. आमच्या शेजारच्या कन्नड वहिनींनाही घर सोडायची नोटीस आलीय, आणि डिपॉझिट त्यांनाही लाखच सांगितलं.

नगरसेवकाच्या हातात काय असतं, असं विचारून लोक विषय संपवतात. असतं. महापालिकेच्या स्वतःच्या निधीतला २४.१० टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि ७.२५ टक्के इतर दुर्बळ घटकांसाठी ठेवायचा असतो. तुमच्या वॉर्डात त्यातून काय झालं, हे नगरसेवकाला विचारा. शहरात घरकुलाचे लाभार्थी निवडणाऱ्या आश्रय समितीचे अध्यक्ष आमदार असतात, म्हणजे तो प्रश्न आमदारांना. खेड्यात लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेत व्हायची असते. ग्रामसभेला किती जण जातो आपण? यादी आधीच तयार असते आणि आपण फक्त सही करून येतो, असं मला तीन गावांतल्या बायकांनी सांगितलं.

आमच्या भागातून एक जण उभं राहायची तयारी करतोय. नाव आज लिहीत नाही. माझ्या घरच्यांचा आणि त्याचा पक्ष एक नाही. पण तो गेले दोन महिने वही घेऊन फिरतोय. कोण भाड्याने, किती वर्षं, किती भाडं, किती डिपॉझिट, बाँड आहे का. आमच्याकडे आला तेव्हा सासूबाईंनी चहा दिला आणि तो जमिनीवर बसून लिहीत राहिला. जाताना त्याने एकच विचारलं, "वैनी, तुमचं मतदान कुठं हाय?" आमचं मतदान अजून दोन घरांमागच्या पत्त्यावर आहे. तो म्हणाला, वहीतल्या बहुतेक भाडेकरूंचं असंच आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. सतरा वर्षं आम्ही जिथे राहिलो तिथले मतदारच नव्हतो. जिथले मतदार होतो तिथे राहत नव्हतो. मग आमच्या भाड्याची काळजी कुणाला वाटणार, आणि का?

म्हणून येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरी जमायचं ठरवलंय. पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरायला दोन मुली मोबाईल घेऊन बसतील. बायकांनी जरूर यावं, लहान मुलं घेऊन आलात तरी चालेल. मतदान कार्ड, आधार आणि आताच्या घराचं भाडेपत्र किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा आणा. बाँडवाल्यांनी बाँडची झेरॉक्स आणावी, मूळ कागद घरीच ठेवावा.