‘विडी वळणाऱ्या बाईला ॲपमधलं काय कळतं?’

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: आजार डॉक्टरला कळतो, ॲप इंजिनिअरला. पेशंटला सोबत बसवून आरोग्याचं ॲप ठरवणं हे परदेशी फॅड. त्यातून चहा-नाश्ता आणि फोटो यापलीकडे काही निघत नाही. वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

आजार डॉक्टरला कळतो, मान्य. कोणती गोळी, किती, हे कार्यशाळेत ठरवायचंच नसतं. पण गोळीची आठवण कुणाच्या फोनवर वाजणार? सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगारांच्या वस्तीत, एका बैठकीत आम्ही टीबीच्या औषधांच्या ॲपचा कागदावर काढलेला नमुना मांडला होता. एका मावशींनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, तंबाखूची बोटं पदराला पुसली आणि ‘टीबी’ या शब्दावर बोट टेकवलं. "फोन पोराचा हाय. दोस्तांसमोर हे वाजलं तर? पोरीला बघायला पाव्हणे यायलेत." टीबीचा उपचार सहसा सहा महिने चालतो, तेवढे दिवस रोज ही धाकधूक. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. तो शब्द तिथल्या तिथे खोडला. आठवणीची सकाळची वेळही खोडली, कारण तेव्हा त्या विड्या द्यायला कारखान्यात रांगेत असतात. आणि लेखी मेसेजऐवजी तेलुगूत बोललेला निरोप हवा, हे शेजारच्या बाईंनी सुचवलं.

फॅड म्हणाल, तर याचं एक मूळ कामगार चळवळीत आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनने संगणकतज्ज्ञ क्रिस्टन निगार्ड यांना सोबत घेतलं. कारखान्यात संगणक येणार, तर तो कसा असावा यात कामगारालाही बोलता यावं, एवढीच मागणी. 1877 पासून गिरण्या पाहिलेल्या, लाल बावटा पाहिलेल्या सोलापूरला हे परकं का वाटावं?

चहा-फोटोचा आरोप मात्र पुष्कळदा खरा असतो. तयार ॲप दाखवून ‘कसं वाटलं?’ विचारलं, तर बायका ‘छान आहे’ म्हणून उठतात. हजार विड्यांची मजुरी बुडवून आलेल्या बाईच्या हातात पोह्यांची प्लेट ठेवणं हा तर अपमानच आहे. अशांवर जरूर तुटून पडा, मीही तुमच्यासोबत आहे. बैठक त्यांच्या गल्लीत घ्या, बुडालेली मजुरी द्या, आणि नमुना कागदावरच न्या. कागदावर काट मारायला कुणी संकोचत नाही.