गोळी कुठं लागली?

१९९९ साली कारगिलची लढाई पेटली तेव्हा मी तिथं होतो. काय करत होतो ते खरं सांगितलं की आमच्या लालबागच्या चाळीतली माणसं आजही नाराज होतात.

मी आर्मी सर्व्हिस कोअरचा ड्रायव्हर. श्रीनगरहून सोनमर्ग, झोजिला चढून द्रास, पुढं कारगिल, एवढीच आपली दुनिया. वरच्या डोंगरांवर बसलेल्यांना तो रस्ता तळहातावर असल्यासारखा दिसायचा, म्हणून गाड्या रात्रीच्या, हेडलाइट बंद. मागं कधी बोफोर्सचे गोळे, एकेक साधारण त्रेचाळीस किलोचा. कधी रॉकेल, कधी पीठ. हात मोडला त्या दिवशी बटाटे होते. गोळाबिळा काही पडला नाही. उभ्या गाडीतून पोतं खांद्यावर घेताना फाळक्यावरून पाय सटकला, मी खाली आणि पोतं माझ्यावर. डावं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं आणि चार आठवड्यांच्या सिक लीव्हवर घरी पाठवलं.

चाळीच्या जिन्यातच गर्दी. आईनं पत्र आल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "लढाईत लागलं पोराला." तीही खोटं बोलली नव्हती. लढाई होतीच, लागलंही होतंच.

"गोळी कुठं लागली?" सात नंबरच्या काकूंनी प्लास्टर दाबून बघत विचारलं.

"गोळी नाही काकू. बटाट्याचं पोतं पडलं."

जिन्यात शांतता. मग दहा नंबरचे नाना पुढं आले. नाना पोस्टातून रिटायर झालेले. तार खात्यात होतो, त्यामुळे सांकेतिक भाषा कळते, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत. त्यांनी आवाज खाली आणला. "अरे, त्यांना सांगता येत नाही. बटाटे म्हणजे हँडग्रेनेड. मिलिटरीत असंच बोलतात."

संपलं. त्या क्षणापासून माझ्या बटाट्यांवर माझा ताबा राहिला नाही. दूधवाला डोळा मारून विचारी, "किती बटाटे टाकले तिकडं?" नाक्यावरचा वडेवाला पैसे घेईना. "तुमच्याकडून बटाट्याचे पैसे घेऊ होय?" पहिल्या दिवशी बरं वाटलं. चौथ्या दिवशी पोट बिघडलं.

पोरांना म्हटलं, मी शक्तिमान चालवतो. आमच्या ट्रकचं ते नावच, जबलपूरच्या कारखान्यात बनायचा. पण तेव्हा टीव्हीवर लाल कपड्यांतला, गरगर फिरणारा शक्तिमान जोरात होता. "चालवतो म्हणजे काय? तो स्वतःच उडतो," असं एकानं मला सुनावलं आणि दुसऱ्यानं गॅलरीतच गिरकी घेऊन काकूंची तुळस पाडली. नुकसान माझ्या खाती.

विश्वास ठेवला फक्त आप्पांनी. जन्म गिरणीत गेलेला, तागे उचलून खांदा वाकलेला. रात्री जेवताना त्यांनी एकच विचारलं, "पोतं किती किलोचं?"

"पन्नास."

"मग मोडणारच," म्हणाले आणि भाकरी मोडून आमटीत बुडवली. कारगिलवर आमचं एवढंच बोलणं झालं. भेटेल तो मला विचारी, "सुट्टी कधी संपते?" तेव्हा आप्पा मधेच म्हणत, "माझी अठरा जानेवारी १९८२ पासून चालू आहे. मला नाही कुणी विचारत." गिरण्यांचा तो संप आजवर कुणी अधिकृतपणे मागं घेतलेला नाही, त्यामुळे कागदोपत्री त्यांचं बरोबरच होतं.

सवयीनं पहाटे चारला जाग यायची. आमच्या मजल्यावर पाणी साडेचारला यायचं, पाऊण तास. पहिल्या दिवशी काकूंची एक कळशी उजव्या हातानं उचलून दिली. तिसऱ्या दिवशी आख्ख्या मजल्याच्या बादल्या दाराबाहेर ओळीनं लागल्या, परेडला उभ्या असल्यासारख्या. देशाचा जवान जागा आहे म्हणून मजला निवांत झोपला.

रमचं वेगळं सांगायला नको. सोबत दोन बाटल्या आणल्या होत्या. "सर्दीला बरी असते म्हणतात," असं म्हणत त्या आठवड्यात चाळीतले अकरा पुरुष शिंकले.

खरा जाच नानांच्या टीव्हीचा. आपल्या देशाची लढाई घरबसल्या रोज दिसायची हे तोवर कधी झालं नव्हतं, आणि नानांनी त्याचं सोनं केलं. भिंतीवर नकाशा, त्यावर टाचण्या. मला समोर बसवून मलाच द्रास दाखवत. "हे तोलोलिंग. इथून आपली पोरं चढणार."

"नाना, तिथून सरळ कडा आहे."

"तू रस्त्यावरून बघितलंयस. मी सगळ्या बाजूंनी बघतोय."

आता याला काय बोलणार? मी खरंच रस्त्यावरूनच बघितलं होतं. तेही रात्री.

आठ जूनला मँचेस्टरला वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान मॅच. व्यंकटेश प्रसादनं पाच विकेट काढल्या, सत्तेचाळीस रन्सनी जिंकलो. चाळीच्या चौकात पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि मी कुठं आहे हे कळायच्या आत नानांच्या खाटेखाली होतो. प्लास्टरचा हात पापडाच्या डब्यात अडकलेला. वर सगळे नाचत होते. थोड्या वेळानं नाना वाकले, माझ्याकडे बघितलं, जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बटाटे शोधतोयस होय रे?" आणि हात देऊन बाहेर काढलं. पुढं दोन दिवस त्यांनी टाचणी हलवली नाही.

तेरा जूनला तोलोलिंग घेतल्याची बातमी आली आणि मंडळानं माझा सत्कार ठरवला. फलकावर 'कारगिलवीर'. पाहुणे म्हणून आलेले पुढारी तासभर बोलले, त्यात मी एकदा पायदळात होतो आणि एकदा विमानात. मग शाल घातली. लोकरीची! जूनमधल्या लालबागच्या उकाड्यात! द्रासला रात्री स्टिअरिंगला बोटं चिकटायची तेव्हा ही शाल कुठं होती? उजव्या हातात श्रीफळ, डावा प्लास्टरमध्ये, घाम पुसायला काही शिल्लक नाही. अशात माइक पुढं आला.

ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचा. "मंडळी," मी म्हटलं, "मी कुठलंही शिखर घेतलेलं नाही. मी फक्त बटाटे..."

पुढचं टाळ्यांत वाहून गेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "टाका अजून!" पहिल्या रांगेत नाना डोळे पुसत होते. आप्पा पिलरला टेकून उभे होते, त्यांनी हातानं फक्त खाली बसायची खूण केली.

जुलैच्या सुरुवातीला निघालो. टायगर हिल घेतल्याचं गाडीतच कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर कळलं. डब्यात पेढे फिरले. हात बघून मला दोन मिळाले, मी कारण सांगितलं नाही.

युनिटला पोचलो त्या रात्री लंगरात ताटं घेऊन पोरं भोवती जमली. भाजी बटाट्याचीच. राजस्थानचा एक नवा ड्रायव्हर कोपर मारून म्हणाला, "बंबई में माधुरी दिखी क्या?"

सगळ्यांनी घास थांबवले. दीड महिना ही पोरं रात्रभर अंधारात गाड्या हाकत होती. खरं सांगायचं तोंडावर आलं होतं, की आमच्या चाळीत हिरोइन सोडा, धड पाणी येत नाही.

"दिखी ना," मी म्हटलं. "रोज सुबह साढ़े चार बजे. हमारे नल पे पानी भरती है."

"कितनी बाल्टी?" त्यानं विचारलं.